माहितीस्तव प्रत

६ एप्रिल, सोमवार
सहाचा क्लास परत अडकला. कलम चौदा, कायद्यापुढे सगळे समान, आणि पडद्यावर गोल फिरणारं चाक. वर्ध्याकडच्या माझ्या अकरा पोरांपैकी एकटी प्रज्ञा शेवटपर्यंत थांबली. मग फोन केला तिने. "मॅडम, तोंड हालते तुमचं, आवाज नाही येऊन राहिला." परीक्षा पुढच्या महिन्यात. तालुक्याला जायला घरून परवानगी नाही. हाच एक क्लास तिला.

७ एप्रिल
नेटवाल्या नितीनला फोन. कसब्यात आमच्या गल्लीतल्या वायरी त्याच्याच. म्हणाला, "काकू, वायर ठणठणीत आहे. वरची कंपनी स्वतःचं क्लासचं अ‍ॅप पळवते, बाकीचं हळू सोडते. तुम्ही त्यांच्या अ‍ॅपवर शिकवा की."
त्या अ‍ॅपवर पोरांना फी. म्हणजे पोस्टमनने पाकीट कोणाचं ते बघून चालायचं. छान.

९ एप्रिल
पेपरात आलंय, नेटवरचं सगळं एकाच वेगाने सोडावं का, यावर सरकारी नियामकाने लोकांची मतं मागवली आहेत. लोक तयार मजकूर पाठवतायत, बटण दाबलं की झालं. बत्तीस वर्षं कचेरीत मसुदे लिहिले, दुसऱ्याच्या मजकुराखाली आता सही करू?
विषय, संदर्भ, महोदय. प्रज्ञाची हकिकत घातली, नाव गाळून. दीड पान. ई-मेलने रवाना.

१० एप्रिल
घात झाला. ज्याच्याबद्दल तक्रार त्याला माहितीस्तव प्रत, ही कचेरीतली सवय. बिलावरचा पत्ता बघून नितीनलाही प्रत पाठवून बसले! दुसऱ्याच परिच्छेदात त्याचं नाव आहे. आणि आज सकाळपासून नेट बंद.

११ एप्रिल
नेट बंदच. नितीन फोन उचलत नाही. मी असते तर मीही उचलला नसता. प्रज्ञाला फोनवरून कलम एकोणीस वाचून दाखवलं. असं किती दिवस चालणार.

१४ एप्रिल, मंगळवार
जयंती. क्लासला सुट्टी. पांढरी साडी नेसून निघणार, तोच दारात नितीन. हातात माझं पत्र, छापून आणलेलं. म्हटलं, आता ऐकून घ्या बाई.
"काकू, नेट मी नाही बंद केलं. ड्रेनेजवाल्यांनी वायर तोडली, तीन दिवस खड्ड्यातच होतो." मग पत्रावर बोट ठेवून, "ही मुलगी खरी आहे का हो?"
प्रज्ञाला फोन लावून दिला. पाच मिनिटं बोलले दोघं. काय ते मी विचारलं नाही.
मग त्याने खिशातून कंपनीचा करार काढला. अ‍ॅप पुढे, बाकी मागे, हे आता त्यानेच लिहून द्यायचं. तीस तारखेच्या आत. नाहीतर आपल्या गल्ल्या दुसऱ्याला. "मला त्यांना नाही म्हणायचंय काकू. पण तुमच्यासारखं लिहिता येत नाही."
मी त्याच्याविरुद्ध लिहिलं आणि हा माझ्याकडेच आला. डोळे भरून आले, लपवले नाहीत. खीर दिली, दोन वाट्या खाल्ल्या. तोवर मला त्याच्या जुन्या, दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर जोडून देतोय.

१६ एप्रिल
सव्वा तास क्लास. एकदाही अडकला नाही. अकराच्या अकरा हजर. प्रज्ञाने इतके प्रश्न विचारले की घसा बसला. आज कोणाबद्दल वाकडं लिहावंसं वाटत नाही. ड्रेनेजवाल्यांबद्दलसुद्धा.

२९ एप्रिल, बुधवार
नियामकाचं उत्तर नाही. नितीनसाठी कंपनीला नकाराचं पत्र लिहून तयार. दोनदा वाचलं त्याने. सही माझ्यासमोर केली नाही, मीही कर म्हटलं नाही. दोन मुली आहेत त्याला, आणि धंदा म्हणजे या चार गल्ल्या. देतो की नाही ते उद्या कळेल. न दिलं तरी त्याचे उपकार मी विसरणार नाही.
उंबऱ्यातून परत फिरला. "काकू, खाली माहितीस्तव प्रत कोणाला लिहायची?"
प्रज्ञाला, म्हटलं.
पेन मागितलं आणि पत्ता स्वतःच्या हाताने लिहून घेतला.