नको म्हटलेली प्लेट

उद्यमनगर, कोल्हापूर
ता. १९ जानेवारी १९९९

दिलदार मिस्त्री यांस,

जोतीरामचा नमस्कार आणि सलाम. दोन्हीपैकी जो घ्यावासा वाटेल तो घे. तुझ्या लेकीच्या, नुजहतच्या घरी सगळे खुशाल असतील. इकडे ठीक. बीपीची गोळी चालू आहे आणि मशीन बंद आहे.

अंतर्देशीय पत्राच्या कडेला डिंक लावायचं सोडून सरकारने नुसतं आश्वासन लावायला सुरुवात केली आहे, याची वरपर्यंत चौकशी व्हावी असं माझं स्पष्ट मत आहे. तुला लिहिलेली दोन पत्रं मी जिभेने ओली करून, वर स्पेअरची जाड कॅटलॉगं ठेवून चिकटवली. सकाळी दोन्ही आ वासून. उघडलं म्हणून वाचलं, आणि वाचलं म्हणून फाडलं. आत ऊस, थंडी, तुझा गुडघा. डोझरचं नावसुद्धा नाही. हे तिसरं.

डोझर म्हणजे आपला, चौसष्ट सालचा. ‘आपला’ म्हणायची खोड जात नाही. मालक मी, पण इंजिन तुझंच ऐकायचं. दोन वर्षं शेडमध्ये उभा आहे. गिअरसाठी हुबळीपासून मुंबईपर्यंतचे भंगारबाजार पालथे घातले. सालाचा आकडा सांगितला की दुकानदार आधी हसतात, मग चहा विचारतात.

क्लचची प्लेट बदलायची होती तेव्हा तू काय म्हणालास ते मला पाठ आहे. पुण्याहून कंपनीचा तो टायवाला सिरॅमिकच्या बटणांची क्लच प्लेट घेऊन आला होता. त्याच्या मते ती घसरत नाही, जळत नाही आणि आपल्या दोघांपेक्षा जास्त जगते. तू ती हातात घेऊन परत ठेवलीस आणि जुन्या प्लेटच्या पितळी तार विणलेल्या लायनिंगवर बोट ठेवलंस.

“जोतीराम, ही घसरती, जळती, व्हय. जळू दे की. म्हाताऱ्या मशीनचा झटका कुणीतरी खायला पायजे. प्लेटनं न्हाय खाल्ला तर गिअर खाणार. प्लेट मी अर्ध्या दिवसात बदलतो. गिअर कुठनं आणायचा?”

मी म्हणालो, तुला तेच लायनिंग ठोकत बसायचंय, नवीन काही शिकायला नको. टाय बांधलेल्या माणसासमोर मला मागासलेलं दिसायचं नव्हतं, एवढंच. मी सांगितली ती प्लेट तू बसवलीस.

नवव्या दिवशी कोडोलीत रान सपाट करताना आपल्या ड्रायव्हरने, कृष्णातने, क्लचचं पेडल सोडलं. मशीन उसळलं आणि आत पितळेची ताटं कोसळल्यासारखा आवाज झाला. तुला बोलावलं, तू खोललंस. गिअरचे दात तेलात पडलेले, प्लेटवर ओरखडा नाही. सगळं गाव बांधावर उभं. त्या गर्दीसमोर मी म्हणालो, “मिस्त्रीनं प्लेट वाकडी बसवली.”

तू सुती वेस्टच्या बोळ्याने हात पुसत राहिलास. भांडला असतास तर चार शिव्या देऊन मला मोकळं होता आलं असतं. तीही सोय तू ठेवली नाहीस. सहा महिन्यांत मशीनवाले तुझ्याकडे यायचे बंद झाले, आणि तू गॅरेजला कुलूप लावून लेकीकडे कुरुंदवाडला गेलास, पाण्याचे पंप दुरुस्त करायला.

आता मुद्दा. परवा खडी क्रशरवाले महालिंगअण्णा आले होते. दोन जुने डोझर घेतलेत, कायमचा मिस्त्री पाहिजे. तुझं नाव कुणीतरी सुचवलंय, पण कोडोलीचं कानावर आहे. खरं काय, म्हणाले. मी म्हणालो, झालं गेलं, आता कशाला. हे उत्तर मला फार हुशारीचं वाटलं.

अण्णा उठले. “मग दुसरा बघतो.”

मी जीपपर्यंत अनवाणी गेलो. चपला शोधत बसलो असतो तर परत विचार केला असता. सगळं सांगितलं. त्यांनी काच खाली करून ऐकलं आणि म्हणाले, “तोंडी नगं. लिवून द्या.”

लेटरहेडवर तीन ओळी लिहिल्या. प्लेट मी निवडली. मिस्त्रीने नको म्हणून सांगितलं होतं. बसवली होती ती सरळच. खाली सही, शिक्का. अण्णांनी कागद खिशात घातला. दुसरी प्रत कृष्णातकडून कोडोलीच्या चहावाल्याकडे पोचवली. तिथे ठेवलेलं सगळं गाव वाचतं.

सोमवारी अण्णा तुझ्याकडे येतील. कुठली प्लेट घालायची ते विचारतील. या खेपेला विचारणारा ऐकणारा आहे.

माफी मागत नाही. मागितली की तू ‘असू दे’ म्हणशील, आणि ते मला नको आहे.

तुझं न ऐकलेला,
जोतीराम