सवतीच्या पाठीवरची अक्षरं

५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबा बरे आहेत, म्हणजे वेळेवर जेवतात आणि गाडी चालवतात. आई गेल्यापासून बोलणं कमी झालंय, ते तसंच. मी मात्र तुझ्या भाषेत सुटलोय. बारक्या अशी हाक ऐकली की लोक माझ्याकडे बघून दुसऱ्याच कोणाला तरी शोधतात.

हे पत्र गाडीसाठी. दवाखान्याने कळवलंय की डायलिसिसच्या पेशंटची ने-आण करणाऱ्या आपल्यासारख्या गाड्या उन्हाळ्यापर्यंत धड दिसल्या पाहिजेत, नाहीतर फाटकाच्या आत घेणार नाहीत. आणि आपली गाडी, आईची सवत, आता खरंच म्हातारी दिसायला लागलीय. (आठवतं ना, यांचा खरा संसार हिच्याशी, मी आपली नावाला, असं आई म्हणायची.) दारांच्या कडांना गंज, चाकांच्या वर फोड, आणि चढायच्या पायरीचा पत्रा दाबला तर करकरतो.

रंगारी म्हणतो, सगळं खरवडायचं, कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, मग प्रायमर आणि रंग. गाडी बरेच दिवस उभी राहील. चौकातला रॅपवाला म्हणतो, वरून व्हायनिलचा रॅप, म्हणजे चिकट प्लास्टिकचा पातळ थर, चढवतो, दोन दिवसांत नवीकोरी दिसेल. गंजावर रॅप नीट धरत नाही आणि आतला गंज थांबतही नाही, हेही त्याने आपणहून सांगितलं.

अडचण मागच्या दाराची आहे. गाडी घेतली त्या वर्षी आईने तिथे स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "सावकाश. आत आपली माणसं आहेत." खरवडलं तर ते जाणार. रॅपखाली दिसणार नाही, पण राहील तरी. बाबांना विचारलं तर म्हणाले, थोरलीला विचार, तिचं कामच गंजाचं आहे. आणि मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आता तूच काय ते सांग.

लोभ आहेच, उत्तराबरोबर थोडा अजून पाठव.
तुझा,
बारक्या

१९ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

गोदीत मी रोज जहाजांचे पत्रे तपासते. गंज झाकला की तो मरत नाही, निवांत खात बसतो. कामावर मला हे कोणी विचारलं असतं तर मी त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत खरवडा म्हणून सांगितलं असतं.

पण ती अक्षरं लिहिताना मी रंगाचा डबा धरून उभी होते. आईला घाई होती, बाबा फेरीवरून यायच्या आत संपवायचं होतं. पहिला 'सा' त्या घाईत वाकडा गेला. पुसून पुन्हा लिही म्हटलं तर म्हणाली, राहू दे, वाकडा असला तरी वाचता येतो.

ते कोणी तारेच्या ब्रशने घासून काढतंय, हे मला डोळ्यांसमोर आणवत नाही. रॅप कर. पायरीखाली मात्र एक जाड पट्टी मारून घे. हा सल्ला ताईचा आहे, तपासनिसाचा नाही.

बाबांना नमस्कार. कमी खा, आणि राग न धरता लोभ ठेव.
तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काम झालं. सवत करड्या रंगाची झाली आहे आणि लांबून वय कळत नाही. दवाखान्याच्या पहारेकऱ्याने आधी ओळखलीच नाही. मागच्या दारावर रॅप चढण्याआधी बाबांनी अक्षरांवरून हात फिरवला आणि रॅपवाल्याला म्हणाले, आता झाक. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. तुझा सल्ला लागू पडला असं वाटतंय.

अशीच माया असू दे.
बारक्या

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला हात धजत नव्हता. मास्तरीणबाईंच्या पायाखाली गाडीची पायरी खचली. त्याच, ज्या पुढच्या सीटवर बसून बाबांचं बोलणं सुधारत असतात. डायलिसिस करून घरी जायला गाडीत चढत होत्या आणि पाय घोट्यापर्यंत पत्र्यात गेला. त्या उपचारानंतर रक्त लवकर थांबत नाही. बाबांनी त्यांना उचलून तसंच आत वॉर्डात नेलं. पायाला टाके पडले. जिवावरचं होतं ते पायावर निभावलं.

पट्टी मारली होती, ताई. पण ती मारली कशावर, तर कुजलेल्या पत्र्यावरच. रॅपच्या आत पाणी मुरत राहिलं आणि बाहेरून सगळं छान दिसत राहिलं.

बाबांनी किल्ली फळीवर ठेवून दिली आहे. दारावर काय लिहिलंय आणि मी काय करतोय, एवढंच म्हणाले. आता गाडी चालवणार नाही म्हणतात. मी समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. गाडीसुद्धा गेली तर बाबा दिवसभर काय करतील, याचीच मला भीती वाटते.

लोभ राहू दे, आत्ता त्याची गरज आहे.
बारक्या

१० जुलै

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

चूक माझी आहे. मला कळत होतं आणि तरी मी तसं लिहिलं. मास्तरीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि मी माफी मागितली आहे हेही सांग.

रॅप काढ. सगळं खरवडून घे, मागचं दारसुद्धा. अक्षरं वाचवायच्या भानगडीत पडू नकोस. त्या ओळीत आई माणसांबद्दल बोलत होती, आपण अक्षरं धरून बसलो.

किल्लीसाठी बाबांच्या मागे लागू नकोस. नुसती गाडी आधी नीट करून दारात उभी कर.

माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तेही कळव.
ताई

३० ऑगस्ट

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहायचं खातं तुझ्या आईकडे होतं, त्यामुळे मला त्याची सवय नाही. पण हे बारक्याने लिहिण्यासारखं नाही.

मास्तरीणबाईंचा पाय बरा झाला. त्यांच्याकडे गेलो, पण मला मान वर करवत नव्हती. त्या म्हणाल्या, टाके मला पडले आणि तोंड तुमचं का पडलंय. भाड्याच्या गाडीवाला फार गाणी लावतो, तेव्हा तुम्ही लवकर या. मग घरी येऊन फळीवरची किल्ली घेतली.

सल्ला चुकला म्हणून तू रडत असतेस, असं बारक्या सांगतो. रंगाऱ्याने सांगितलं होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. तू आईची लेक, तू खरवडा म्हणणार नाहीस, म्हणूनच तुला विचारायला लावलं. तेव्हा यातला मोठा वाटा माझा. तू आता पुरे कर.

रॅपवाल्याने गरम हवा मारत रॅप सोलून काढला. मागच्या दाराशी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, सावकाश. रॅप निघाला आणि दार कोरं. मी दारावरून हात फिरवून बघितला. मग त्याने रॅप उलटा करून दाखवला. सगळी अक्षरं चिकट बाजूला आली होती, उलटी. आईने दार न घासताच रंग लावला होता, त्यामुळे अक्षरांनी दार कधी धरलंच नव्हतं, असं तो म्हणाला. घाई तिची, दुसरं काय.

गाडी पत्र्यापर्यंत खरवडून रंगवली. पायरी नवी केली. तिच्यावर मी उड्या मारून बघितल्या, मग बारक्याला मारायला लावल्या. त्याला सोसली म्हणजे कोणालाही सोसेल. रंगारी मागे नवी अक्षरं काढून देत होता, मी नको म्हटलं.

तो रॅपचा तुकडा गाडी ठेवायच्या शेडच्या मागच्या भिंतीवर लावलाय, अक्षरांची बाजू बाहेर, मागच्या काचेतून दिसेल एवढ्या उंचीवर. गाडी आता पाठ भिंतीकडे करून लावतो. चालकाच्या जागेवर बसलं की आरशात ओळ सुलट दिसते, वाकड्या 'सा'सकट. ती ओळ मागून येणाऱ्यांसाठी होती आणि मी कायम पुढे. एवढ्या वर्षांत गाडीत बसून ती मी कधी वाचली नव्हती. आता रोज वाचतो आणि मग किल्ली फिरवतो.

सवड काढून येऊन जा. माया आहे, ती बोलून दाखवायला मी शिकतो आहे.
तुझे,
बाबा