तांदळाखालच्या गोळ्या

आये, तुला चांगलं काय लिवायला बसली नाय मी. राग हाय, तोच लिवतेय. तुला झालेला तोच टीबी आता मला झालाय. दोन महिने गोळ्या झाल्या, चार बाकी. डॉक्टर बोलते आता कोणाला लागणार नाय, तरी भीती जात नाय. परवा माझी पाच वर्षांची पोर गळ्यात पडायला आली नि माझ्या तोंडातून तुझंच निघालं, "लांब हो!" तिचं तोंड एवढंसं झालं. मग तिला समोर बसवून सांगितलं, मम्मी आजारी हाय, गोळ्या संपल्या की मुकेच मुके. तू मला एवढं पण सांगितलं नायस. उलथनं उगारायचीस नुसती.

मी नऊ वर्षांची होती. गावाला, आपट्याला, आपल्या घरात रविवारची सभा भरलेली. खोकला जरा थांबला नि तू उभी राहून साक्ष दिलीस, "येशूने मला पूर्ण बरं केलं." टाळ्या पडल्या. बायका तुझ्याकडून डोक्यावर हात ठेवून घ्यायला लागल्या. मग गोळी कशी घेणार? लोक बोलतील ना, हिचा विश्वास कच्चा. तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी भात टाकायला मी डब्यात हात घातला. तांदळाखाली गोळ्यांच्या पट्ट्याच पट्ट्या. एक पण फोडलेली नाय. देवाने कुठे सांगितलेलं गं, गोळी खाऊ नको? तुला लोकांची लाज वाटली. माझी दया नाय आली.

आता इथे तळोज्यात पास्टरबाई पाठी लागलेली. "खोकला गेला ना बाय? मग साक्ष दे की."

"गोळ्या संपल्यावर देते."

"देव काय तुझ्या गोळ्या संपायची वाट बघतो?" सगळ्या बायका हसल्या.

काल सभेत तिने मला उभीच केली. मी बोलली, "मी बरी झाली नाय. चार महिने गोळ्या हायत. एक पण चुकू नये म्हणून प्रार्थना करा." पोरीने ओढणी ओढली, "मम्मी, टाळी वाजवू?" मागून एक बाई बोलली, "काय साक्ष तरी!" मी खाली बसली.

मी पण येशूचीच हाय, आये. सकाळी गोळी हातावर घेते, त्याचं नाव घेते नि गिळते. एवढंच करायचं होतं तुला.

हा कागद फाडून टाकणार. तुझ्यासारखं डब्यात काय लपवणार नाय. पण एक राहिलं. त्या साक्षीच्या सकाळी तू मोरीत रक्त थुंकलीस नि वरून तांब्या ओतलास, तवा मी दारात उभी होती. आणि सभेत सगळ्यात मोठ्याने टाळ्या मीच वाजवल्या.