तांब्याचा हंडा आणि माझा सूड

१४ मे, दुपार
शहापूर कोर्टातून जामिनावर सुटलो. वाटेतच ठरवलं. सूड! एक नंबर अक्षय, मी कामाला होतो त्या रिसॉर्टचा मॅनेजर. दोन नंबर वाल्मिक, माझा सख्खा चुलत भाऊ आणि शेजारी.

हकीकत लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. रिसॉर्टच्या दारात तांब्याचा हंडा शोभेला ठेवलेला. चार वर्षं मीच चिंच लावून घासला. त्यात पाण्याचा थेंब नाही, पाहुणे नुसते फोटो काढणार. वाल्मिकच्या मुलीचं, मेघाचं लग्न निघालं, म्हणून घरी आणला. याला चोरी म्हणत नाहीत. रीतीप्रमाणे वर नाव घालून घेतलं, 'चि. सौ. कां. मेघा हिस सदानंदकाकांकडून सप्रेम भेट'. मांडवात माइकवरून आहेर पुकारला, आणि पंगतीत अक्षय बसलेला! पोलीस आल्यावर वाल्मिकने हंडा निमूट काढून दिला. भाऊ म्हणे!

१६ मे
वकीलबाई नम्रता म्हणाल्या, नोकराने मालकाची वस्तू चोरली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. म्हटलं, आधी अक्षयवर अब्रुनुकसानीची केस टाका. त्या म्हणाल्या, हंड्यावर तुमचंच नाव आहे, केस कशाच्या जोरावर टाकू? पहिलाच गुन्हा आहे, कबूल करा, तुरुंग टळू शकतो. विचार करतो म्हटलं. सात वर्षं. बायकोला, सरिताला, आकडा सांगितला नाही. बाईमाणूस, घाबरेल. मला मात्र घास उतरला नाही.

१७ मे
आजपासून वाल्मिकशी अबोला. कडक.

२५ जून, सकाळी ११
कोर्टाची तारीख. बाहेर अक्षयची स्कूटर दिसली. दोन्ही चाकांची हवा सोडली. जीव थंड झाला.

दुपारी २
स्कूटर वकीलबाईंची निघाली. पंक्चरवाल्यापर्यंत मीच ढकलली. त्यांनी फार आभार मानले.

१९ जुलै
पहाटे वाल्मिकचा बांध फोडला. भाताची लावणी नुकतीच झालीय. बोंबलत बसू दे.

२० जुलै
पाणी उताराला जातं, हे ध्यानात होतं. उताराला माझंच शेत आहे, हे ऐन वेळी सुटलं. अर्धी लावणी वाहून गेली. वाल्मिक आला, खेकड्यांनी फोडला म्हणाला, बांध घातला आणि स्वतःकडची उरलेली रोपं माझ्या शेतात लावून गेला. दिवसभर माझ्याशी बोलत होता. माझ्या अबोल्याचा याला पत्ताच नाही!

४ सप्टेंबर
गुन्हा कबूल केला. डावपेच म्हणून. जजसाहेब लगेच शिक्षा देणार नाहीत. आधी प्रोबेशन अधिकारी चौकशी करणार, माणूस वागायला कसा आहे म्हणून. कुणाकडे? शेजाऱ्याकडे आणि कामाच्या ठिकाणी. म्हणजे दोन नंबर आणि एक नंबर! वकीलबाई म्हणाल्या, तुरुंग की घर, ते या रिपोर्टवर. सरिता म्हणाली, जाऊन दोघांचे पाय धरा. मेलो तरी धरणार नाही.

५ सप्टेंबर
वाल्मिककडे गेलो होतो. पाय धरायला नव्हे, भेंडी द्यायला.

१८ सप्टेंबर
अधिकारी मॅडम आमच्या गावात, शेणव्यात आल्या, वाल्मिकच्या ओट्यावर बसल्या. मी कुडाआडून ऐकत होतो. वाल्मिक म्हणाला, सदा व्हय? त्याच्यापासून कोनाला तरास नाय मॅडम. डाफरतो, कुरकुर करतो नि जेवून झोपतो. पोटात काय नाय त्याच्या.

मॅडम गेल्यावर त्याने हाक मारली, सदा, ये रे भायेर, मच्छर खातील. बांधाचं नाय सांगितलं त्यांना.

म्हणजे याला सगळं माहीत होतं. असल्या माणसावर सूड घ्यायचा तरी कसा?

७ ऑक्टोबर
तुरुंग नाही. एक वर्षाचा बाँड. नीट वागायचं, भांडणतंटा केला तर शिक्षा. रिपोर्ट भर कोर्टात वाचला. अक्षयचं म्हणणं, दुसरी चोरी करण्याइतकी अक्कल याला नाही. शेवटी निष्कर्ष, 'आरोपीपासून कोणासही धोका नाही.' सरकारी शिक्क्यासह! या एका वाक्याविरुद्ध अपील करता येईल का, विचारलं. वकीलबाई हसल्या. सूड एक वर्ष पुढे.

बाँडला जामीनदार हवा होता. सोयरेधायरे कुणी फिरकले नाहीत. वाल्मिक कापणी टाकून आला होता. वाचून न पाहता सही केली आणि म्हणाला, चल सदा, घरी जाऊ.

मला तिथेच रडू आलं. राग अनावर झाला की माझं असं होतं.