एकशे आठ नव्हे, चौऱ्याहत्तर लिटर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, एकतीस वर्षे एकाच दवाखान्यात कंपाउंडर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. कोणाची जबरदस्ती नाही, नशापाणी नाही, डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो, म्हणून अक्षराला नावे ठेवू नयेत. परवा माझे ऑपरेशन आहे आणि घरात ढब्बू हा माझा सोनमासा आजारी आहे. दोन्हींची तजवीज करून ठेवलेली बरी.

कलम १. राहते घर आणि बँकेतील ठेव मुलीला. जावईबापूंनी घरात खुशाल राहावे, परंतु माशाच्या काचेवर टिचक्या मारू नयेत. सात वर्षे सांगतो आहे, पालथ्या घड्यावर पाणी.

कलम २. दवाखान्यातला पितळी तराजू आणि भिंग नातीला. ढब्बूच्या शेपटीवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके तिनेच आधी पाहिले. "आजोबा, ह्याला खाज सुटते का?" मला उत्तर ठाऊक होते, तरी तिला नुसते बघत बसायला सांगितले. दहा मिनिटांनी ओरडली, "अय्या, हा दगडाला अंग घासतोय!" अशा मुलीकडे भिंग हवेच.

कलम ३. काचेची टाकी, हिटर, ठिपक्यांच्या औषधाची बाटली आणि माझी वही धाकट्या भावाला. येथे खुलासा आवश्यक आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी याच टाकीत माझ्या माशांना हेच ठिपके आले होते. मी औषध घालत होतो. भाऊ राहायला आला होता, त्याने मदत म्हणून फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला. पाणी शुद्ध ठेवणारे बारीक जीव त्या स्पंजातच राहतात, ते सगळे गेले. तिसऱ्या दिवशी अकराच्या अकरा मासे मेले. मी म्हणालो, "माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस." तोही माझाच भाऊ. ठेवला नाही.

गेल्या रविवारी ढब्बूला टबात ठेवून टाकी नव्याने भरायला घेतली. पूर्वी बादल्या ओतायचो. आता बादली उचलत नाही, म्हणून लिटरच्या मापाने भरली, आणि हाताला मोजायची सवय. चौऱ्याहत्तर मापांत टाकी भरली! म्हटले, चुकलो. नळीने उपसून पुन्हा भरली. चौऱ्याहत्तरच. वहीत मात्र माझ्याच सुबक अक्षरात लिहिलेले: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, एकशे आठ लिटर. खाली चार बोटे खडी, मध्ये दगड, वर रिकामी जागा, हे वजा कोणी करायचे? त्या वेळी मी थेंब न थेंब मोजून औषध घातले होते, तेही टाकीत नसलेल्या चौतीस लिटर पाण्यासकट.

स्पंजामुळे दोनचार गेले असतील. बाकीचे माझ्या मापाने गेले. जन्मभर लोकांना औषध मोजून दिले, त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते. भावा, मी चुकलो.

ढब्बूला या वेळी चौऱ्याहत्तरच्या हिशेबाने देतो आहे. आज पाचवा दिवस. ठिपके तिसावरून सातावर आले. अजून पाच दिवस द्यायचे आहे, आणि त्यातले चार दिवस मी नसेन.

कलम ४ (आज दुपारी वाढवलेले). वकीलबाई वरचे वाचून म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही गेल्यावर वाचून त्यांना काय उपयोग? आत्ता फोन करा." केला. तासाभरात भाऊ दारात. एकोणीस वर्षांनंतरचे पहिले वाक्य: "मासा कुठाय?" मग त्याने कलम ३ वाचले. दोनदा वाचले. डोळे पुसले ते मी पाहिले.

दुसरा साक्षीदार अजून यायचा होता. भावाने पेन उचलले. वकीलबाईंनी बजावले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सही केलीत तर टाकी जाईल."

"जाऊ दे," भाऊ म्हणाला. "टाकी मिळायला ह्याला मरावं लागेल."

सबब कलम ३ मधील सर्व वस्तू नातीला.

ठिकाण: टाकीसमोरची खुर्ची
दिनांक: ११ मार्च, औषधाचा पाचवा दिवस

लिहून ठेवणार: कंपाउंडर (सही)
साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचे घड्याळजी (सही)
साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ (सही). औषध परवापासून मी घालीन. स्पंजाला हात लावणार नाही.