आधी घास, मग सुई

७ नोव्हेंबर
उंब्रजला आले! कराडच्या कॉलेजात मराठी शिकवायचं आणि राहायला रंगूबाईंच्या माडीवरची हवेशीर खोली. खिडकीतून हायवे आणि उसाच्या ट्रॉल्या दिसतात. रंगूबाईंचे मालक फौजेतून सुभेदार होऊन आले नि मधुमेहानं गेले. मागे उरला त्यांचा बोका. त्याचंही नाव सुभेदार, आणि मधुमेह त्यालाही! मालक गेल्यापासून घरात साखर येत नाही, चहासुद्धा काकवीचा. रंगूबाईंचा हात कापतो, म्हणून बोक्याचं इन्शुलिन आता माझ्याकडे. डॉक्टरांचा नियम एकच: आधी घास, मग सुई. उपाशीपोटी सुई म्हणजे मरण. बोक्यानं उकडलेली कोंबडी संपवली. मी मानेवरची कातडी चिमटीत उचलली आणि टोचलं. त्याला कळलंही नाही. रंगूबाई टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "लय हलका हात हाय गं तुजा, क्रांती."

२३ नोव्हेंबर
सकाळी बोका लटपटत आला आणि कोसळला. साखर उतरली होती. हिरड्यांना काकवी चोळली, तेव्हा उठला. मी मोजूनच दिलं होतं. पण बाटलीत असायला हवं त्यापेक्षा कमी औषध आहे. रंगूबाईंना विचारलं. "त्यांनी दिलं आसंल. येळ चुकवत न्हाईत ते," म्हणाल्या. मेलेला माणूस फ्रिज उघडतो? माझं रक्त तापलं. मेलेल्यांच्या नावाआड जिवंतांचे हात लपवायचे, ही आपल्या समाजाची जुनी लबाडी आहे, असं स्वयंपाकघरातच घसा बसेपर्यंत बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं. भाषान झालं आसंल तर च्या घे, म्हणाल्या.

१४ डिसेंबर
आनंदाची बातमी. कधीकधी मांजराचा मधुमेह मागे हटतो, डॉक्टर म्हणाले. सुभेदाराला आता सुई नको. रंगूबाईंचा चेहरा मात्र उतरला. ह्या घरातनं साखर जात न्हाई म्हणे, निस्तं माणूस बदलती. मग माझ्या तांब्याकडे बघत, "तू बी लय पानी पितीस गं आलीकडं."
दिवसभर बोलते, घसा सुकतो. एवढंच.
उरलेलं इन्शुलिन टाकून द्यायला निघाले, तर ऱ्हाऊ दे म्हणाल्या. का?

१८ डिसेंबर
कॉलेजात अंधश्रद्धेवर भाषण होतं. ऐन रंगात हात थरथरले, घाम फुटला, पुढचं वाक्य सापडेना. व्यासपीठावर माझं असं कधीच झालं नाही. घरी येऊन फ्रिज उघडला. बोक्याची सुई बंद आहे, तरी बाटली उतरली आहे.
रंगूबाई रोज समोर बसून मला जेवू घालतात. ताट स्वच्छ झाल्याशिवाय उठू देत नाहीत. मग पायरीवर बसवून डोक्याला तेल लावतात. माझे डोळे मिटतात. आज जाणवलं, तेल लावताना त्यांचा हात कापत नाही.

२० डिसेंबर
जेवणात काहीतरी घालतात. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, डोळे उघडे ठेवा. आता माझे उघडले. काकवीची बरणी मोरीत पालथी केली. उद्यापासून त्यांच्या हातचा घास नाही.

२१ डिसेंबर
वर खोलीत जेवते म्हणाले. भाकरी खिडकीतून कुत्र्याला टाकली. रिकामं ताट बघून रंगूबाई खूश. पोटभर जेवलीस न्हवं? व्हय, म्हणाले. जिंकले! तेलाला मात्र बसले. नाही म्हटलं असतं तर त्यांना संशय आला असता.

त्याच दिवशी, दुपारी
कॉलरवर रक्ताचा ठिपका. आरशात पाहिलं. मानेवर, केसांखाली, टोचल्याच्या खुणा— एक नाही, कितीतरी—
चिमटीत कातडी धरून. मीच दाखवलं होतं.
जेवणात काही नव्हतंच. जेवण म्हणजे— नियम पाळत होत्या त्या—
बोक्याची साखर मोजायच्या यंत्रावर माझ्या रक्ताचा थेंब. चाळीस. चाळिसाच्याही खाली—

घाम. अक्षर हलतंय.
रंगूबाई वर आल्या. खिडकीखाली भाकरी दिसली त्यांना. कुत्र्यानं खाल्लीच नाही. ऊर बडवतायत. जेवले म्हनालीस की गं पोरी—

खाली डबे पडतायत. एकामागून एक. ओरडतायत— काकवी कुठं ठेवलीस गं, क्रांती, काकवी—

मोरीत. सांगायचंय. जीभ हलत—
बोका उशाशी येऊन बसलाय. बघतोय.
मीच ओत—