राधा पिवळी कशी झाली

२३ सप्टें., मंगळ.
काल गावाहून आलो. वडिलांचं श्राद्ध, मग शेताच्या मोजणीचं काम. तीन आठवड्यांच्या वर गेले.
सकाळी पूजा आटोपून माशांच्या टाकीत खाणं टाकायला गेलो तर राधा नाही. मीरा एकटीच, निळ्या अंगावर काळे उभे पट्टे. दगड हलवून पाहिले, फिल्टरमागे पाहिलं. नाहीच. उलट पिवळे मासे तीन. मी गेलो तेव्हा दोन होते.
सौ.ला विचारलं. "मी काय मोजत बसते होय? कालच घट बसवलेत, मला सतरा कामं." एवढं बोलून आत गेली. एरवी प्रश्नाला उत्तर दिल्यावर ती जागची हलत नाही, अजून दोन उत्तरं देते.

२४ सप्टें.
मेट्रोत दिवसभर तेच डोक्यात. टाकी आमची असती तर इतकं वाटलं नसतं. गायकवाडची आहे. खालच्याच मजल्यावर राहायचा, एकाच ऑफिसातले आम्ही. जूनमध्ये गुवाहाटीला बदली झाली. भरली टाकी कुठे नेणार, म्हणून वर आणून ठेवली. त्याची ओवी नऊ वर्षांची. जाताना मला बजावून गेली, "काका, राधा आणि मीरा माझ्या आहेत. बाकीचे पप्पांचे." दोघी निळ्या, दोघी बहिणी, असं तिचं म्हणणं.
दिवाळीला येणार आहेत सगळे.
दुसऱ्याची वस्तू हरवली तर भरून देता येते. हे कसं भरून द्यायचं?

२६ सप्टें.
माझा तर्क: राधा मेली. सौ.ला वाईट वाटलं, आणि मला कळू नये म्हणून तिने बाजारातून एक मासा आणून टाकला. रंगाकडे मात्र लक्ष दिलं नाही. भोळी आहे. विचारून तिला लाजवायचं नाही. आपणहून सांगेल.
आज मी टाकीजवळ उभा राहिलो की ती उगाच पाणी प्यायला येत होती.

२८ सप्टें., रवि.
ओवीचा व्हिडिओ कॉल.
"काका, कॅमेरा जवळ न्या ना. ही मीरा. राधा कुठाय?"
"दगडामागे असेल."
"बिल्कुल दिसत नाहीये."
"लाजत असेल."
"राधा? ती कधीच लाजत नाही."
'आहे' म्हणालो नाही, 'असेल' म्हणालो, अशी मनाची समजूत घालत बसलो. संध्याकाळी हरिपाठाला लक्ष लागलं नाही.

३० सप्टें.
ऑफिसातून येताना बाजारात माशांच्या दुकानात गेलो. फोनवर तिसऱ्या पिवळ्याचा फोटो दाखवला. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "येलो लैब है साहब. और चाहिए तो जोड़ा दे दूँ?" निळे पट्टेवालेही होते त्याच्याकडे, अगदी राधेसारखे. बराच वेळ उभा राहिलो. घेतला नाही.
घरी येऊन शेवटी सौ.ला विचारलंच. "तू नवीन मासा आणलास का? मी रागावणार नाही."
ती पोळी लाटायची थांबली. "आणला नाही हो. मीच पिवळी केली तिला."

झालं असं. मी गावी असताना राधेच्या अंगावर ओरखडा दिसला. जखम म्हटल्यावर हिला दुसरं काय सुचणार? चिमूटभर हळद टाकली पाण्यात. पुढच्या काही दिवसांत राधा पिवळी पडायला लागली. ही घाबरली, बादल्या भरभरून पाणी बदललं, पण रंग काही उतरेना. नवरात्र तोंडावर आलेलं, हातून जीव जातोय की काय म्हणून देवीला नारळ बोलून बसली.
मी हसायला लागलो तर रडकुंडीला आली. मग तीही हसली. पोळी करपली.
म्हटलं, "अगं, हळदीने झालं असतं तर सगळीच टाकी नवरी झाली असती. मीरा निळीच्या निळी आहे."
"मग हीच का?"
हे मात्र मला सांगता आलं नाही.

२ ऑक्टो., दसरा
सुट्टी. चष्मा लावून टाकीसमोर बसलो. शाळेत गुरुजी पाखरं ओळखायला शिकवायचे: रंग शेवटी बघायचा, आधी चोच, चाल, शेपूट.
तसंच केलं. जुन्या दोन पिवळ्यांच्या पाठीच्या पंखावर काजळाची रेघ ओढल्यासारखी काळी कड आहे. तिसऱ्याला ती नाही. त्याच्या पोटाखालच्या पंखावर दोन-तीन गोल ठिपके, अंड्याच्या बलकाच्या रंगाचे. आणि उजेड तिरका पडला की अंगावर उभे पट्टे दिसतात, धुतलेल्या कपड्यावर जुना डाग दिसावा तसे. म्हणजे दुकानदार चुकला. ही त्याची 'येलो लॅब' नव्हे.
जुन्या दोघांची चाल शांत. हा मात्र सारखा दुसऱ्यांच्या अंगावर जातो.

३ ऑक्टो., एकादशी
सकाळी तुळशीला पाणी घालताना एकदम आठवलं. आमच्या गोठ्यातलं खिलार वासरू जन्मलं की तांबूस असायचं. काही महिन्यांत पांढरंशुभ्र. शहरातला पाहुणा विचारायचा, ते तांबडं वासरू विकलं का? आणि ते त्याच्यासमोरच उभं असायचं.
मग फोनवर शोधलं. हे आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातले मासे. राधा-मीरेची जात केन्यी. लहानपणी सगळे निळे. मादी निळीच राहते. नर वयात आला की पिवळा होतो.
म्हणजे हळदीचा काही दोष नाही. राधा मुलगा आहे.
सौ.ला सांगितलं. तिने आधी देवीला हात जोडले, मग म्हणाली, "नारळ द्यायचा की नाही आता?" म्हटलं, बोललीस तर दे.
निळ्या अंगावर पीतांबर. नाव तेवढं चुकलं पोरीचं, पण फार लांब नाही चुकलं.

५ ऑक्टो., रवि.
ओवीला सांगितलं. मला वाटलं उड्या मारेल.
ती म्हणाली, "काका, राधा मेली ना?"
"नाही गं बाळा. ही बघ, हीच राधा."
"ही यलो आहे."
"तेच तर सांगतोय, मोठी झाली की..."
"तुम्ही दुकानातून आणलीय. मागच्या संडेला तुम्ही म्हणालात दगडामागे आहे." फोन आईकडे देऊन निघून गेली.
'असेल' म्हणालो होतो. तिच्या हिशेबी काही फरक नाही. बरोबर आहे तिचं.
रात्री गायकवाडचा फोन. "दादा, कशाला समजावत बसलात यार. एक निळी आणून टाका, पोरगी खूश."
म्हटलं, "मग खऱ्या राधेचं काय करू?"
तो हसायला लागला. त्याला हा विनोद वाटला.

९ ऑक्टो.
गायकवाडकडून ओवीच्या वाढदिवसाचा फोटो मागवला. मागे टाकी आहे, टाकीत राधा. फोटो मोठा करून पाहिला. डोक्याकडून तिसरा पट्टा वरच्या बाजूला फुटलेला, रस्त्याला फाटा फुटतो तसा. टाकीपाशी गेलो. पिवळ्या अंगावरचा फिकट तिसरा पट्टा... फुटलेलाच. सौ.ला हाक मारली. तिनेही पाहिलं. दोघं एका माशासमोर गुडघे टेकून बसलेले. दुधवाला दारात उभा राहून बघत होता.
राधेचा आताचा फोटो काढून दोन्ही फोटो गुवाहाटीला पाठवले.

१० ऑक्टो.
ओवीचा आवाजी निरोप: "काका, फोटोवर लाइन कुणी पण काढू शकतं. मी आल्यावर बघीन."
सौ. म्हणाली, "तुमच्या ऑफिसात घ्या हिला. एक फाइल पुढे सरकायची नाही."

१९ ऑक्टो., रवि.
पोचले. गाडी उशिरा. ओवीने बूट न काढताच टाकी गाठली. मी मुद्दाम लांब राहिलो, चकल्यांचा डबा उघडत बसलो. ती बोट काचेला लावून पट्टे मोजत होती. पुन्हा पहिल्यापासून. मासा सारखा वळायचा आणि मोजणी चुकायची. तिची आई जेवायला हाका मारून थकली.
शेवटी माझ्याजवळ आली. चकली घेतली.
"थर्ड लाइन फुटलेली आहे," म्हणाली.
"हो."
"मग राधाच आहे."
"हो."
"सॉरी काका."
"मीही सॉरी. मला माहीत नाही असं म्हणायला पाहिजे होतं तेव्हा."
तिने मान डोलावली. मोठ्या माणसासारखी. सौ.ने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, कांदा चिरत होते. कांदा कुठेच दिसत नव्हता.
नंतर ओवीने विचारलं, "मीरा पण यलो होणार?"
"नाही. मीरा मुलगी आहे. ती निळीच राहणार."
"पक्कं?"
"पक्कं."

२१ ऑक्टो.
सकाळी पूजेला बसलो होतो. बाहेरून ओवी, "काका, या ना. मीराला बघा."
आरती संपवून गेलो. ओवी फोनचा टॉर्च धरून बसलेली. मीरेच्या पोटाखालच्या पंखाच्या कडेला काहीतरी आहे. ओवी म्हणते पिवळं. सौ. म्हणते, बाहेरच्या दिवाळीच्या माळेचा उजेड. गायकवाड सोफ्यावरून म्हणाला, "वहिनी, हळद टाकली नाही ना परत?" त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.
माळ बंद करायला लावली. चष्मा पुसला. मीरा दगडाच्या आडून अर्धीच बाहेर आली.
"काका, सांगा ना. आहे की नाही?"
"मला माहीत नाही," म्हणालो.
ती सरकली, मला बसायला जागा केली. अजून दोघं तिथेच बसलोय. वही मांडीवर आहे.